सून महानुभाव, घरात माहूरचे टाक : महालक्ष्म्यांना हात न जोडणं हा अपमान आहे का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचं कुलदैवत माहूरची रेणुका. घरात चांदीचे टाक, म्हणजे कुळदेवांचे ठसे उमटवलेले छोटे पत्रे, आहेत, भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, मालक माळकरी आहेत. दोन वर्षांपूर्वी मुलाचं लग्न झालं. सून महानुभाव पंथाच्या घरातली, त्या पंथाचा उपदेश घेतलेली. घरचं शेतीचं सगळं मन लावून करते, पण महालक्ष्म्यांपुढे हात जोडत नाही आणि नैवेद्य दाखवलेलं अन्न खात नाही. यंदा म्हैस दगावली, कपाशीवर बोंडअळी आली, तर शेजारीण म्हणाली, "देवीले हात न जोडणारी सून आणली, मंग काय होईन?" ताईंचे प्रश्न तीन : हा देवीचा अपमान आहे का, शांती करावी का, आणि टाक झिजून गुळगुळीत झाले आहेत, ते बदलावेत का.

ताई, मी गुरव आहे. अमरावती जिल्ह्यातल्या एका गावात महादेवाच्या देवळाची सेवा आमच्या घरी पिढ्यांपासून आहे. माझ्या हातून ती चाळीस वर्षं होते आहे. मारुतीला शेंदूर मीच लावतो आणि मातामायच्या पारावर दिवाही मीच ठेवतो. म्हणून जे सांगतो ते हाताखालून गेलेलं आहे.

शांतीचं आधी सांगतो. करू नका. बोंडअळी यंदा सगळ्या शिवारात आहे. ज्यांच्या सुनांनी सोळा भाज्यांचा नैवेद्य रांधला, त्यांच्याही बोंडात आहे. त्यावर कृषी सहायकाला विचारा, म्हशीचं गुरांच्या डॉक्टरला विचारा. कोणी देवीच्या कोपाचं नाव करून तुमच्याकडून हजारो रुपये मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा. कुलाचारात चूक झाली तर त्याचं परिमार्जन कुलाचारातच असतं. देवीची ओटी भरावी, क्षमा मागावी, पुढच्या वेळी नीट करावं. तुमच्याकडे तर चूकही झालेली नाही. महालक्ष्म्या बसल्या, जेवल्या, उठल्या. एका माणसाने हात जोडले नाहीत म्हणून पूजा अपुरी राहत नाही.

आता अपमानाचं. हे नीट समजायचं तर आपल्या घरात देव किती वाटांनी येतो ते पाहावं लागतं. एक देव कुळाचा. तो जन्माने मिळतो, आपण त्याला निवडत नाही. तुमची रेणुका तशी. दुसरा देव गावाचा. मरीमाय, मातामाय, वेशीवरचा मारुती, पांढरीची, म्हणजे गावठाणाची, सगळी दैवतं. त्या मातीत राहायला आलं की तो आपला होतो, जात-कूळ काही असो. तिसरा इष्टदेव, ज्याच्यावर आपला जीव जडतो. त्याला कुळाचं, गावाचं बंधन नाही. आणि चौथा येतो गुरूकडून. माळ घातली, अनुग्रह घेतला, उपदेश घेतला, की त्या देवासोबत नियमही येतात. काय खायचं, कुणाला नमायचं, कुठला दिवस धरायचा, हे सगळं त्यात ठरलेलं असतं.

भांडणं होतात ती बहुतेक या चौथ्या वाटेवर. कारण पहिल्या तीन वाटांत माणूस एका देवाला नमून दुसऱ्यालाही नमू शकतो. चौथ्या वाटेवर शब्द दिलेला असतो.

तुमचे मालक माळकरी आहेत. आषाढात गावात मरीमायला कोंबडं कापत असतील, तेव्हा मालक त्या जेवणाला बसत नसतील. त्यांच्यामुळे मरीमायचा अपमान झाला असं गावात कोणी म्हणतं का? नाही. लोक म्हणतात, "बुवा माळकरी आहेत, त्याईले वेगळं वाढा." गावाने त्यांच्या माळेचा मान ठेवला. सुनेच्या गळ्यात माळ दिसत नाही इतकंच, पण तिनेही तसाच शब्द दिलेला आहे.

आणि प्रसाद न खाण्याचं म्हणाल, तर माझ्याच देवळातलं सांगतो. महादेवाच्या पिंडीवर वाहिलेलं फळ, खोबरं, नैवेद्य इतरांनी खायचा नाही असा जुना नेम आहे. तो चंडेश्वराचा, म्हणजे महादेवाच्या गणाचा, भाग. म्हणून तो गुरव उचलतो. कित्येक घरी आजही पिंडीवरचं खात नाहीत, पिंडीपुढे वेगळा दाखवलेला नैवेद्य तेवढा घेतात. म्हणजे सर्वांत मोठा शिवभक्तसुद्धा महादेवाच्या अंगावरचा प्रसाद नाकारतो, आणि तो नाकारणं हाच तिथला आदर आहे. प्रत्येक देवाच्या पूजेत असे 'नाही' असतात. महादेवाला केवडा नाही, पिंडीला पुरी प्रदक्षिणा नाही, पन्हळीपाशी थांबून मागे फिरायचं. गणपतीला तुळस नाही, देवीला दूर्वा नाही. बेलाचं पान मी पालथं वाहतो, गुळगुळीत बाजू पिंडीला टेकेल असं. देवीचं कुंकू पिंडीवर टाकणाऱ्या बाईला मी दर सोमवारी हळूच थांबवतो, कारण तिथे भस्म आणि चंदन. एका देवाचं दुसऱ्याला चालत नाही, म्हणून कोणी लहान होत नाही.

आता तुमच्या सुनेच्या पंथात काय आहे ते सांगतो. ते माहीत नसल्यामुळे मी एकदा मोठी चूक केली होती. आमच्या देवळाचा गाभारा गळत होता, तेव्हा गिलाव्याला एक महानुभाव गवंडी होता. महाशिवरात्रीला मी सगळ्यांसमोर त्याच्यापुढे तीर्थाची पळी धरली. त्याने हात पुढे केला नाही. मी चारचौघांत त्याला बोललो, महादेवाच्या घरचं काम करतो आणि त्याचं तीर्थ नको? तो मान खाली घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी वेळेवर आला आणि कळसाखालचा राहिलेला कोपरा इतका नेटका केला की आजवर तिथून थेंब आला नाही. मजुरी देताना मला त्याच्याकडे पाहवेना. त्यानेच म्हटलं, "बाबाजी, एकदा रिद्धपूरले या."

मी गेलो. रिद्धपूर मोर्शी तालुक्यात आहे, आमच्यापासून लांब नाही, तरी तोवर कधी गेलो नव्हतो. गोविंदप्रभूंचं ते गाव. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गुजरातेतून रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाले आणि रिद्धपुरात त्यांची गोविंदप्रभूंशी गाठ पडली. तिथे मी मूर्ती शोधत होतो आणि लोक ओट्यावर डोकं टेकवत होते. ओटा म्हणजे साधा चौथरा. अवतार जिथे बसले, जेवले, निजले, ती जागा. एक म्हातारी ओट्याच्या कडेवरून तळहात इतका हळू फिरवत होती की मला माझी आई आठवली, बाळाच्या पाठीवरून ती असाच हात फिरवायची. तो स्पर्श पाहिल्यावर माझ्या मनातलं सगळं उतरलं. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, लीळाचरित्र, म्हाइंभटांनी याच गावी लिहिला, हेही मला तिथेच कळलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार वेगळे आणि अनादी पदार्थ आहेत. देवता आहेत, पुष्कळ आहेत, आपापल्या परीने फळही देतात. पण ते फळ संपणारं असतं. मोक्ष देतो तो एक परमेश्वर, आणि त्याचे पाच अवतार : श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर. म्हणून उपदेशी माणूस नमतो ते या पंचकृष्णांना. यात रेणुका खोटी आहे असं कुठेही नाही. देवता नाहीत असं महानुभाव म्हणतच नाहीत. आपली अनन्य भक्ती एकाच ठिकाणी ठेवायची, एवढाच तो नेम. ज्या बाईने एकाला शब्द दिला आणि तो सासरच्या दडपणातही मोडला नाही, तिच्याबद्दल मला तरी आदर वाटतो.

विदर्भाला हे नवं नाही. सोळाशे वर्षांमागे इथे वाकाटकांचं राज्य होतं. त्यांची राणी प्रभावतीगुप्ता, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, कडक विष्णुभक्त होती. नवरा लवकर गेला आणि मुलं लहान, तेव्हा राज्याचा कारभार तिने पाहिला. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन मोठा झाला तो शिवभक्त, 'परममाहेश्वर' म्हणवणारा. आई रामगिरीच्या, म्हणजे आपल्या रामटेकच्या, स्वामीच्या पायाशी बसून दानपत्र देते आणि मुलगा शंभूच्या कृपेचा उल्लेख करतो. आईचे हे ताम्रपट रिद्धपुरातच सापडले. एकाच घरात दोन देव नांदले आणि राज्यही चाललं.

पुढे वारकऱ्यांनी तर हा सांधा पक्काच करून टाकला. ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा आदिनाथापासून, म्हणजे शिवापासून येते, आणि त्यांनी भजलं विठ्ठलाला. आपल्याकडे कौंडण्यपूर आहे, वर्धेच्या काठी, रुक्मिणीचं माहेर. तिने वर मागितला तो अंबिकेकडे आणि मागितला कृष्ण. माधानचे गुलाबराव महाराज, 1881 साली जन्मलेले, लहानपणी डोळे गेलेले, स्वतःला ज्ञानेश्वरांची मुलगी आणि कृष्णाची पत्नी मानत, कुंकू आणि मंगळसूत्र धारण करत. त्यांच्या नंतरच्या पिढीत तुकडोजी महाराजांनी मोझरीला सामुदायिक प्रार्थना सुरू केली. तिथे पुढे मूर्ती नसते. पंढरीला माझ्या आईने सतरा वाऱ्या केल्या आणि परत आल्यावर पहिलं पाणी ती महादेवावर घालायची. तिला कोणी विचारलं नाही की तू शैव का वैष्णव. विचारलं असतं तरी तिला प्रश्न कळला नसता.

मात्र एक सांगतो, आणि हे मनापासून सांगतो. "सगळे देव एकच" हे वाक्य सुनेपुढे वापरू नका. तुमच्या मनात ते प्रेमाने येतं, पण तिच्या कानावर "म्हणून तूही नम" असंच पडतं. तिच्या पंथात सगळे देव एक नाहीत. कृष्णसुद्धा तुमचा नि तिचा नाव एक असून अर्थाने वेगळा आहे. तुमच्यासाठी तो विष्णूचा आठवा अवतार. तिच्यासाठी तो स्वतः परमेश्वराचा अवतार, विष्णूचा नव्हे. दत्ताचंही तसंच. कारंज्याच्या नृसिंह सरस्वतींच्या परंपरेतला दत्त तीन मुखांचा, ब्रह्मा-विष्णू-महेश एकत्र असलेला. महानुभावांचा दत्त एकमुखी. म्हणून ती तुमच्या दत्ताच्या तसबिरीपुढे थांबली नाही तर मनाला लावून घेऊ नका, आणि थांबली तर ती कुणापुढे थांबली हे तिचं तिलाच ठाऊक.

आता घरात काय करायचं ते.

महालक्ष्म्यांचा कुलाचार कुळाचा आहे, सुनेवर टांगलेला नाही. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि जेवण, मूळावर विसर्जन, हे तुम्ही करता. उद्या तुमच्याने होईनासं झालं तर मुलगा करेल. पुरुषाने महालक्ष्म्या बसवू नयेत असं काही नाही. कित्येक घरी आजारपणात, बाळंतपणात, विटाळसुतकात दुसऱ्या कोणी केल्याच आहेत. संकल्प मुलाच्या नावाने होतो, तर हातही त्याचे लागू देत. त्याला आतापासून मुखवटे बसवायला शिकवा, साडीच्या निऱ्या करायला शिकवा, फुलोरा बांधायला तर तो तुमच्यापेक्षा उंच आहे.

सुनेला एकांतात विचारा, "बाई, तुला यातलं काय चालतं, काय नाही?" हा प्रश्न तुम्ही अजून विचारला नसावा, कारण तुमच्या लिहिण्यात तिचं उत्तर कुठेच नाही. काही उपदेशी बायका स्वयंपाक करतात, सडासारवण करतात, फक्त पूजेला बसत नाहीत. काहींना नैवेद्याचा स्वयंपाकही नको असतो. घराघरांत, आणि ज्यांच्याकडून उपदेश घेतला त्यांच्या सांगण्यात, फरक असतो. ती जे सांगेल ते धरा, शेजारीण सांगेल ते नको.

जेवणाचा तिढा सर्वांत सोपा आहे. नैवेद्य दाखवण्याआधी आंबील, पुरण, सोळा भाज्या, कढी यातलं तिच्या वाटचं वेगळ्या डब्यात काढून झाकून ठेवा. यात नैवेद्य उष्टा होतो का, असं तुमच्या मनात येईल. उष्टं म्हणजे कोणी तोंड लावलेलं. झाकून ठेवलेलं अन्न उष्टं नसतं. देवीचं ताट आधी वाढून बाजूला ठेवायचं, मग हिचा डबा भरायचा, आणि जेवायला सगळ्यांनी आरतीनंतरच बसायचं. ती पंगतीत तुमच्या शेजारी बसेल, तिच्या ताटात तेच पुरण असेल. आमच्या गावात असं करणारी घरं आहेत, आणि त्यांच्या महालक्ष्म्या दरवर्षी सुखाने जेवून जातात.

देवघरात तिच्या देवाला जागा द्या, पण तुमच्या ताम्हणात नको. वेगळा कोनाडा, वेगळं फडकं, वेगळा दिवा. तिच्या माहेरहून प्रसादाची काही वस्तू आली असेल, अवतारांच्या स्पर्शाची म्हणून जपलेली, तर ती त्यांच्याकडे फार मोलाची असते. तिला 'विशेष' म्हणतात. झाडलोट करताना तिला हात लावू नका, हळदकुंकू वाहू नका. तुमच्या पंचायतनाला जसा तुमचा नेम आहे, गणपती, विष्णू, महादेव, सूर्य, देवी, आणि इष्ट तो मधे, तसा त्या कोनाड्याला तिचा. दोन पूजा मिसळल्या की दोन्ही बिघडतात. मी दर गावात पाहतो, लोक जत्रेहून येताना एकेक तसबीर आणतात आणि देवघरात चिकटवत जातात. मग कुणाला काय वाहायचं हेच उरत नाही, एक उदबत्ती सगळ्यांवरून फिरते. थोडे देव ठेवा, पण त्यांचं सगळं करा.

सुनेलाही एक निरोप द्या, माझा म्हणून द्या. तिने टाकांना धातूचे तुकडे म्हणू नये, सासूच्या डोळ्यांत पाणी येतं तिथे हसू नये. ती तसं करत असेल असं तुम्ही लिहिलेलं नाही. तरी नव्या पोरींच्या तोंडून कधी निसटतं. नातवंडं झाली की ती महालक्ष्म्यांपुढे नाचतील आणि आईसोबत महानुभावांचं "दंडवत प्रणाम"ही म्हणतील. दोन्ही करू द्या. उपदेश लहान पोराला कोणी जबरदस्तीने देत नाही, आणि कुलाचार लहान पोराकडून कोणी वसूल करत नाही.

राहिले टाक. तुम्ही लिहिलंय की देवीचे डोळे-नाक दिसेनासे झाले. याचा अर्थ एकच, तुमच्या सासूने, आजेसासूने ते दर सणाला हाताने घासले. पत्रा पातळ होऊन चीर गेली असेल किंवा भोक पडलं असेल, तर बदलायलाच हवेत, भंगलेला टाक पूजेत ठेवत नाहीत. नुसते गुळगुळीत झाले असतील तर घाई नाही. बदलायचे ठरलं तर ओळखीच्या सोनाराकडे जा आणि जुनी चांदी डोळ्यांसमोर आटवून त्यातच नवी घालून घ्या, म्हणजे पिढ्यांचा हात त्यात राहतो. ठसा आधी पाहा. रेणुकेच्या ऐवजी भलत्याच देवीचा ठसा मारून दिलेला मी दोनदा पाहिला आहे. जुन्या टाकांचा एक फोटो सोनाराला दाखवा, किती देव होते आणि कोणते, हे मालकांकडून लिहून घ्या. त्यात घोड्यावरचा खंडोबा असेल, जोडीने पूर्वजांचा वीरही असेल.

नवे टाक घरी आले की लगेच देव्हाऱ्यात ठेवू नका. लाल कापडात गुंडाळून देवभेटीला माहूरला न्या. तिथे रेणुकेचं नुसतं मुखच आहे, शेंदराने माखलेलं, फार मोठं. पुजाऱ्याकडून टाक तिच्या पायरीला लावून घ्या, कुटलेल्या विड्याचा प्रसाद घ्या आणि मग घरी अभिषेक करून स्थापना करा. नवरात्राआधी झालं तर उत्तम, घटाच्या वेळी नवे टाक जागेवर असतील.

आणि सुनेला सोबत न्या. माहूरलाच देवदेवेश्वराचं देऊळ आहे. महानुभाव ते दत्तात्रेयप्रभूंचं निद्रास्थान मानतात आणि लांबलांबून तिथे येतात. तिचं माहेर तिथे वर्षातून एकदा तरी जात असेल. लग्नानंतर तिचं जाणं झालंय का ते विचारा. तुम्ही टाक घेऊन रेणुकेकडे जाल तेव्हा मुलाने तिला तिकडे घेऊन जावं, नाहीतर आधी सगळ्यांनी तिच्यासोबत जावं आणि मग गड चढावा. पहाटे निघालात तर दोन्ही एका दिवसात होतं. गाडी सांगण्याआधी तिला तिथे विडा वाहायचा असेल का विचारून घ्या, म्हणजे पानं घरूनच बांधून घेता येतील.